'द ब्लॅक परेड': कोल्हापूरच्या ऐकणाऱ्यांकडून वारंवार येणारे प्रश्न

माय केमिकल रोमान्सच्या 'द ब्लॅक परेड'वर कधीही काही लिहिलं की दोन तऱ्हेचे मेसेज येतात. एकात असतं, 'नाद खुळा! दुसरं काही ऐकूच वाटत नाही.' दुसऱ्यात असतं, 'एवढा आरडाओरडा कशासाठी?' दोन्ही राजारामपुरीतून येतात, कागलमधून येतात, कधी कधी एकाच घरातून येतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. माझं मत असेल तिथे ते माझं म्हणूनच दिलं आहे.

१. हा अल्बम कुणाचा, कधीचा आणि कसला?

अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या माय केमिकल रोमान्स या बँडचा हा तिसरा स्टुडिओ अल्बम, ऑक्टोबर २००६ मध्ये रिप्राइज रेकॉर्ड्सने काढलेला. जेरार्ड वे गायक, त्याचा धाकटा भाऊ मायकी बेसवर, रे टोरो आणि फ्रँक आयेरो गिटारवर, बॉब ब्रायर ड्रमवर. निर्मिती बँडने रॉब कॅव्हालोला बरोबर घेऊन केली. ग्रीन डे या बँडचे गाजलेले अल्बम त्याच्याच हातचे. याला अल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात, पण आत पंकचा, म्हणजे झपाट्याच्या, खडबडीत रॉकचा, वेग आहे, संचलनाचा ठेका आहे, कॅबरे आहे आणि पियानोवर उभं असलेलं एक हळू गाणंही आहे. १३ गाणी, शेवटी एक लपवलेलं, सगळं मिळून जेमतेम ५२ मिनिटं.

२. गोष्ट काय आहे? नुसती गाणी ऐकून काही कळलं नाही.

मुख्य पात्राला नाव नाही, त्याला फक्त 'पेशंट' म्हटलं आहे. तो कॅन्सरने हॉस्पिटलात मरणाला टेकला आहे. जेरार्ड वेची कल्पना अशी, की मृत्यू माणसाच्या सगळ्यात लाडक्या आठवणीचं रूप घेऊन येतो. या पेशंटची ती आठवण म्हणजे लहानपणी वडिलांनी गावात नेऊन दाखवलेलं बँडचं संचलन. म्हणून त्याला न्यायला काळ्या गणवेशातला बँड येतो.

बाकीच्या गाण्यांत त्याचा पश्चात्ताप आहे, संताप आहे, तुटलेलं प्रेम आहे, युद्धावरून आईला लिहिलेलं पत्र आहे. हे क्रमाने घडत नाही. जाणाऱ्या माणसाच्या डोक्यात जसं येईल तसं येत राहतं, त्यामुळे सरळ कथानक शोधाल तर दमाल. 'वेलकम टू द ब्लॅक परेड'चा व्हिडिओ पाहिलात तर चित्र पटकन डोळ्यांपुढे येईल. तो सॅम्युअल बायरने केला आहे आणि पेशंटचं काम लुकास हास या नटाने केलं आहे.

३. सुरुवात कुठल्या गाण्यापासून करू?

पहिल्यापासून. आणि मोबाइलवरचं शफल बंद करून. पहिलं गाणं हॉस्पिटलच्या मॉनिटरच्या टीक-टीक आवाजाने सुरू होतं आणि शेवटी तो आवाज सलग लांबट होतो, तिथेच दुसरं गाणं आदळतं. हा सांधा सुटला तर दोन्ही गाणी अर्धी होतात. एकच गाणं ऐकायला वेळ असेल तर पाचवं, 'वेलकम टू द ब्लॅक परेड', ऐका. का ते पुढच्या उत्तरात आहे.

४. याच्याबद्दल मतं इतकी टोकाची का? एक म्हणतो देव, दुसरा म्हणतो कटकट.

कारण या अल्बमला मधला सूर नाही. पाचवं गाणंच घ्या. पियानोवर एकच स्वर, उघडा, एकटा. पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी पाच. त्याच्या आसपास थोडे स्वर जमतात, मग गायक अगदी खालच्या आवाजात सांगू लागतो, मी लहान होतो तेव्हा वडिलांनी मला गावात बँड बघायला नेलं. साइड ड्रम येतो. त्याच्या मागून गिटारी येतात, एकीवर एक चढवलेल्या, आणि आवाज छताला लागतो. आता संपेल असं वाटतं, तोच लय एकदम पळायला लागते आणि संचलनाचं पंक होतं.

इथे एकाच्या अंगावर काटा येतो. दुसऱ्याला वाटतं, माझ्या डोळ्यांतून पाणी काढायचा हा उघड डाव आहे. दोघांनी ऐकलं ते नेमकं एकच.

माझ्या मते भांडण संगीतापेक्षा दुःखाच्या रीतीचं आहे. खरं दुःख हळू बोलतं, जो मोठ्याने रडतो तो दाखवायला रडतो, असं आपल्यातल्या पुष्कळांना मनापासून वाटतं. हा अल्बम ते मानत नाही. गणवेश चढवून, ड्रम वाजवत, शंभर माणसांच्या देखत केलेला शोकही खरा असू शकतो, हे त्याचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं. आपल्याकडेही भरल्या घरातलं पिकलं पान गळालं की टाळ-मृदंगाच्या गजरात नेतात. त्या गजरात चालणाऱ्या लेकाचं दुःख खोटं, असं कुणी म्हणत नाही.

ज्यांना ही रीतच नको, त्यांच्यासाठी प्रश्न १६ आहे.

५. हे रॉक कुठलं? हे तर नाटक आहे!

आहेच. बँडनेही कधी लपवलं नाही. पहिल्या गाण्यात गायक सरळ प्रेक्षकांना हाक मारतो, या, सगळे या, इथे एक शोकाचा खेळ आहे. हे काम आपल्या संगीत नाटकात नांदी आणि सूत्रधार करतात. कलाकारांचे कपडे, रंगवलेले चेहरे, जेरार्डचे त्या काळातले आखूड पांढरे केस, दौऱ्यावर आम्ही 'ब्लॅक परेड' नावाचाच बँड आहोत असं सोंग घेऊन वाजवणं, हे सगळं ठरवून केलेलं आहे.

मला नवल वाटतं ते हा आक्षेप कोल्हापुरातून यावा याचं. हे संगीत नाटकातले गायक-नट केशवराव भोसले यांचं गाव. शाहू महाराजांनी बांधवून घेतलेलं पॅलेस थिएटर १९१५ मध्ये उभं राहिलं आणि पुढे त्याला केशवरावांचं नाव लागलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते जळालं तेव्हा गाव रस्त्यावर आलं होतं. रंगमंचावरचं खोटं आपण किती खरं मानतो ते त्या रात्री दिसलं. संगीत नाटकात शोकाचं पद रंगलं की प्रेक्षक 'वन्स मोअर' द्यायचे, नट प्रसंग थांबवून पुन्हा गायचा आणि डोळे पुन्हा भरून यायचे. पद्धत कृत्रिम, परिणाम खरा. या अल्बमकडेही त्याच कानांनी जा.

एक मात्र मान्य करतो. नाटकाला विश्रांतीच्या जागा लागतात आणि इथे त्या कमी पडतात. तिसरं-चौथं गाणं सलग वरच्या पट्टीत जातं आणि पाचव्याच्या आधीच कान थकतात. ही तक्रार खरी आहे.

६. क्वीन या जुन्या ब्रिटिश रॉक बँडची नक्कल नाही का ही?

प्रभाव आहे आणि बँडने तो मोकळेपणाने सांगितला आहे. क्वीन, पिंक फ्लॉइड, डेव्हिड बोवी, बीटल्स, सगळे त्यात आहेत. रे टोरोच्या एकावर एक रचलेल्या गिटारींत क्वीनचा गिटारवाला ब्रायन मे स्पष्ट ऐकू येतो. पहिल्या गाण्यात हे कर्ज सगळ्यात जड आहे. जुनं रॉक ऐकलेला माणूस तिथे हसणारच.

पण नवव्या 'मामा'पर्यंत या. युद्धावरचा मुलगा आईला लिहितो, आपण सगळे नरकात जाणार, आणि ठेका मात्र दारूच्या गुत्त्यात नाचावा तसा उसळता. मध्येच आईच्या आवाजात गाते ती लायझा मिनेली, १९७२ च्या 'कॅबरे' चित्रपटासाठी ऑस्कर मिळवलेली. पंक बँडच्या अल्बममध्ये तिला बोलावणं आणि ते शोभून दिसणं, ही अक्कल उसनी मिळत नाही.

७. आमच्या ग्रुपमधले जुने चाहते म्हणतात, बँड इथेच बिघडला. खरं काय?

२००२ चा पहिला अल्बम छोट्या कंपनीचा, खरखरीत, जखम उघडी असल्यासारखा. २००४ चा दुसरा घट्ट आणि वेगवान. त्या दोघांवर जीव जडलेल्याला २००६ ची ही चकचकीत, पैसा लागलेली निर्मिती परकी वाटणं साहजिक आहे. बिघडला म्हणणं मला पटत नाही, पण काहीतरी गेलं हे खरं. पहिल्या दोन अल्बममध्ये गायकाचा आवाज फाटतो आणि तो तसाच ठेवलेला आहे. इथे फाटतो तोसुद्धा ठरलेल्या जागी.

८. भावा, इंग्रजी एवढं येत नाही. मजा येईल का?

येईल. बराचसा मजकूर चाल आणि लयच सांगते. पहिल्यांदा तसंच ऐक, दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवून. आठव्या गाण्यापुरतं मात्र आधी शब्द वाच, तिथे वाद्यं थोडी आणि शब्दच सगळं काम करतात. ते गाणं कुठलं आणि कधी ऐकू नये, ते प्रश्न १२ मध्ये आहे.

९. 'टीनएजर्स' गोष्टीत कुठे बसतं?

बसत नाही. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत शाळकरी पोरांच्या गर्दीत जेरार्डला भीती वाटली, आपलं वय झालं असं वाटलं, त्यातून ते आलं. पेशंटशी ओढूनताणून नातं जोडणारे आहेत, मला ते नातं दिसत नाही. पण ते ऐन जागी आलं आहे. 'मामा' आणि 'स्लीप' या दोन जड गाण्यांनंतर त्या सरळ, टाळ्या वाजवण्याजोग्या ठेक्याने श्वास मिळतो. उत्तरार्धात गोष्ट ढिली पडते, ही तक्रार करणारे बहुतेक जण याच गाण्याकडे बोट दाखवतात. माझं बोट त्याच्या पुढच्या 'डिसएन्चांटेड'कडे आहे. ते चांगलं गाणं असूनही तिथे लांबतं.

१०. ही सगळी सुखवस्तू पोरांची खोटी उदासी नाही का?

जेरार्ड वेने ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला जवळून पाहिला आणि त्यानंतर बँड काढला. ज्या आजीने त्याला गायला, चित्र काढायला शिकवलं, ती २००३ मध्ये गेली. त्या दुःखातून दुसऱ्या अल्बममधलं 'हेलेना' आलं. 'स्लीप'च्या सुरुवातीला जो बोलण्याचा तुकडा ऐकू येतो, त्यात तो स्वतःला पडणाऱ्या भयानक स्वप्नांबद्दल बोलतो. दुःखाचा दाखला मागणं मला मुळात आवडत नाही, पण विचारलंत म्हणून सांगितलं.

११. माझी मुलगी नववीत आहे. दार लावून दिवसभर हेच ऐकते. काळजी करू का?

ताई, नुसत्या ऐकण्याची काळजी करू नका. ही शंका जुनी आहे. २००८ मध्ये एका ब्रिटिश दैनिकाने या बँडचं नाव मुलांच्या आत्महत्येशी जोडलं होतं. तेव्हा चाहते लंडनमध्ये निषेधाला जमले आणि बँडने आपण हिंसा आणि आत्महत्या दोन्हींच्या विरोधात आहोत असं जाहीर केलं. अल्बमचा शेवटही तेच सांगतो. तेराव्या गाण्यात घोष आहे तो जगत राहण्याची भीती नाही, याचा. मरणाची गोष्ट तिथे येऊन थांबते.

तिच्याबरोबर बसून एकदा सगळा ऐका आणि तुला यातलं कुठलं आवडतं, एवढंच विचारा. हे काय लावलंयस, अशी सुरुवात केलीत तर दार पुन्हा लागेल. मात्र खाणं, झोप, मैत्रिणी तुटल्या असतील, मला नकोच जगायला असं तोंडी येत असेल, तर तो अल्बमचा विषय राहत नाही. लगेच डॉक्टरांना भेटा. टेली-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

१२. 'कॅन्सर' हे गाणं घरात कुणी आजारी असताना ऐकावं का?

या एका गाण्यावरून जितकी कडाडून भांडणं झालीत तितकी बाकी अल्बमवरून मिळून झाली नसतील. अडीच मिनिटांच्या आतलं गाणं. पेशंट ओठ सुकलेत म्हणून पाणी मागतो, केमोने शरीराचं काय झालंय ते सांगतो, मला अशा अवस्थेत पाहू नका म्हणतो. उपमा जवळजवळ नाहीत.

आक्षेप असा, की तिशीही न ओलांडलेल्या धडधाकट माणसाने हा आजार वेषासारखा अंगावर घ्यावा का? उपचारांच्या फेऱ्या केलेल्या घरातून हा प्रश्न आला की मी वाद घालत नाही. तो त्यांचा अधिकार आहे. पण तशाच घरांतून उलटंही येतं: आम्हाला कुणी 'सगळं ठीक होईल' म्हणत होतं, या गाण्याने ते म्हटलं नाही, म्हणून बरं वाटलं.

मला हे गाणं अल्बममधलं सगळ्यात धीट वाटतं, कारण इथे वेष उतरवलेला आहे. प्रश्न ४ मध्ये म्हटलं तसा मोठ्याने केलेला शोक सगळीकडे आहे, फक्त इथे नाही. तरीही घरात उपचार चालू असताना स्पीकरवर लावू नका. ज्याला हवं त्याने हेडफोनवर, आपल्या वेळेला. आजारी माणसाने स्वतः मागितलं तर गोष्ट वेगळी. मग लावा आणि शेजारी बसा. ट्वेंटी वन पायलट्स या बँडने २०१६ मध्ये हे गाणं पुन्हा केलं, ते मऊ आहे. मूळ जड वाटलं तर ते आधी ऐका.

१३. आपला लग्नातला बँड 'वेलकम टू द ब्लॅक परेड' वाजवू शकेल का?

हा प्रश्न इतक्यांदा येतो की उत्तर द्यायलाच हवं. पहिला भाग सहज वाजेल. चाल ठसठशीत आहे, क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवर बसते, साइड ड्रमवाल्याला तर घरचं काम. अडचण वेग पळतो तिथे. तिथे गिटारींचा थर नसेल तर चाल उघडी पडते, आणि मिरजकर तिकटीवरून महाद्वार रोडला वळणाऱ्या मिरवणुकीच्या पायांना तो वेग झेपणार नाही. हलगी-घुमक्यावर तो वेग पेलेल असं मला वाटतं, फक्त हलगीवाला तयारीचा हवा. डॉल्बीवर मात्र लावू नका. पियानोचा एकटा स्वर तिथे मरतो. आणि वरातीला वाजवण्याआधी नवऱ्याकडच्यांना गाण्याची गोष्ट सांगा.

१४. आवाज फाटल्यासारखा, दाटलेला का येतो? माझा स्पीकर गेला का?

स्पीकर बहुतेक ठीक असेल. त्या वर्षांत रॉकचे अल्बम शक्य तितक्या मोठ्या आवाजात मास्टर करायची, म्हणजे शेवटचा आवाज पक्का करायची, चढाओढ होती. हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर दाबलं जायचं आणि सगळं एका उंचीवर यायचं. हाही त्यातलाच. इतक्या थरांच्या संगीताला त्याने इजा होते, हे चाहत्यांनीही मान्य करावं. आवाज थोडा कमी ठेवा आणि बास वाढवायचं बटण बंद करा. प्रश्न ५ मधला थकवाही काही अंशी इथूनच येतो.

१५. एवढा खपला म्हणजे चांगलाच असणार ना?

नाही, खप हा वेगळा हिशोब. अमेरिकेत पहिल्या आठवड्यात सुमारे २,४०,००० प्रती गेल्या आणि तरी तो दुसरा आला. पहिल्या जागेवर 'हॅना मोंटाना' या लहान मुलांच्या टीव्ही मालिकेचा अल्बम होता. 'वेलकम टू द ब्लॅक परेड' हे गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं.

१६. मी तीनदा ऐकला. नाही आवडला. चुकतंय का काही?

काही चुकत नाही. तीनदा ऐकून नकार देणारा माणूस एकदा ऐकून डोक्यावर घेणाऱ्यापेक्षा संगीताला जास्त मान देतो. फक्त नाही का, ते नीट सांगा. 'ओव्हर आहे' एवढ्याने काही कळत नाही. आवाजाची दाटी नकोशी झाली की शब्द भडक वाटले की गायकाचा सूर खुपला, हे वेगवेगळे नकार आहेत. शब्द नको असतील तर रे टोरोच्या गिटारीसाठी 'डेड!' पुन्हा ऐकून बघा. आवाजाची दाटी नको असेल तर प्रश्न १८ मधली आवृत्ती बघा. गायकच नको असेल तर सोडून द्या, त्याच्याशिवाय हा अल्बम नाही.

१७. शेवटच्या गाण्यानंतर शांतता आणि मग अचानक एक गमतीदार गाणं. हे काय?

त्याचं नाव 'ब्लड'. सीडीवर ते शांततेनंतर लपवलेलं होतं, ॲपवर ते स्वतंत्र १४ वं गाणं म्हणून दिसतं. जुन्या नाट्यगृहातल्या पियानोसारखी चाल आणि रक्तपिपासू प्रेक्षकांवरचे शब्द. तेराव्या गाण्याने जे मिळवलं ते याने सांडतं, असं काहींना वाटतं. सीडीवर मला ते आवडायचं, कारण मधल्या शांततेत पडदा पडलेला असायचा. ॲपवर ते लगेच येतं आणि शेवट बिघडवतं. तिथे तेराव्यानंतर थांबा, 'ब्लड' दुसऱ्या दिवशी ऐका.

१८. २०१६ ची आवृत्ती वेगळी आहे का? कुठली ऐकू?

दहा वर्षं झाली तेव्हा मूळ अल्बमबरोबर 'लिव्हिंग विथ घोस्ट्स' नावाने कच्ची ध्वनिमुद्रणं आणि काही प्रत्यक्ष कार्यक्रमातली गाणी जोडून ती काढली. त्यात 'द फाइव्ह ऑफ अस आर डाइंग' हे 'वेलकम टू द ब्लॅक परेड'चं आधीचं रूप आहे. ते ऐकलं की संचलनाची कल्पना गाण्यात नंतर कशी शिरली ते कानाने कळतं. वादक मंडळींनी ते चुकवू नये. कच्ची मुद्रणं असल्यामुळे तिथे थर कमी आहेत, आणि दाटीमुळे मूळ अल्बम न झेपलेल्या काहींना हीच जास्त आवडली आहेत. बाकीच्यांनी आधी मूळ अल्बम पूर्ण ऐकावा, मग इकडे यावं.